बावीस मीटरांचा चढ

फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ अद्याप एकाच खंडापुरती मर्यादित आहे आणि ती समूळ काढून टाकता येण्याजोगी आहे, असा निर्वाळा तपासण्यांनी दिला, म्हणजे रोग्याच्या आप्तस्वकीयांना जो दिलासा वाटतो तो अस्थानी नसतो. परंतु शल्यविशारदाची खरी विवंचना त्या निर्वाळ्यानंतरच सुरू होते. गाठ काढता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर सीटी स्कॅन, पेट स्कॅन आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेला तुकडा यांच्याकडून मिळते. ती काढून घेणे या विशिष्ट माणसाला सोसेल काय, या प्रश्नाला मात्र तितके सरळ उत्तर नाही, कारण ज्या धुराने एका खंडात कर्करोग उत्पन्न केला त्याच धुराने उरलेले फुप्फुस, हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि पायांचे स्नायू यांनाही वर्षानुवर्षे झिजविलेले असते. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. विडीचे व्यसन, खेड्यातील कोंदट स्वयंपाकघरात चुलीपुढे गेलेले बायकांचे आयुष्य, तरुणपणी होऊन गेलेल्या क्षयाने फुप्फुसात मागे ठेवलेले व्रण, यांमुळे रोगी शल्यक्रियेस येतो तेव्हा त्याच्या श्वसनसामर्थ्याचा पुष्कळसा भाग आधीच खर्ची पडलेला असतो. अशा माणसाच्या छातीतून आणखी एक खंड काढावयाचा की नाही, हे ठरविण्याच्या कामी नामांकित इस्पितळांतही आज एका अतिशय साध्या परीक्षेचा आधार घेतला जातो: रोग्याला जिना चढावयास सांगतात.

ही रीत नवी नव्हे. १९३३ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी एका डॉक्टराचे कर्करोगग्रस्त डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्णपणे काढले आणि तो रोगी पुढे सुमारे ३० वर्षे जगला. या यशाने शल्यविशारदांना धैर्य आले खरे, परंतु प्रत्येकाच्या वाट्याला तसा रोगी येणार नव्हता, आणि कोणाला हात लावावा व कोणाला लावू नये हे ठरविण्यास त्या पिढीजवळ साधने फार थोडी होती. (ज्या ग्रॅहॅम यांनी ही शल्यक्रिया केली आणि पुढे १९५० साली अर्न्स्ट वाइंडर यांच्यासमवेत धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, ते स्वतः दीर्घकाळ सिगारेट ओढीत आले होते, आणि १९५७ साली त्याच रोगाने निवर्तले.) तेव्हा अनुभवी शल्यविशारद रोग्याला बरोबर घेऊन जिना चढू लागत, आणि त्याला धाप कोठे लागते, ओठांचा रंग बदलतो काय, तो बोलत बोलत चढू शकतो काय, एवढे पाहून मनाशी निर्णय करीत. एक खंड काढावयाचा तर इतके मजले, सबंध फुप्फुस काढावयाचे तर त्याहून अधिक, असे गुरुपरत्वे बदलणारे आडाखे त्या काळी रूढ होते.

पुढे श्वासाचे मोजमाप करणारी यंत्रे सर्वत्र झाली आणि जिना मागे पडला. स्पायरोमीटर हे यंत्र तसे जुने, लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली प्रसिद्धीस आणलेले; पण पूर्ण श्वास भरून घेतल्यावर पहिल्या एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते, या मोजमापाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शल्यक्रियेच्या दालनात मोठे वजन आले. त्यावरून करावयाचा हिशेब इतका सुटसुटीत आहे की तो येथे मांडून दाखविणे उचित होईल. दोन्ही फुप्फुसे मिळून १९ उपखंड धरतात, उजवीकडे १० आणि डावीकडे ९. एखाद्या रोग्याची एका सेकंदाची हवा १.९ लिटर भरली आणि त्याचा उजवा वरचा खंड, म्हणजे ३ उपखंड, काढावयाचा असला तर मागे १६ उपखंड उरतील आणि १.६ लिटरची शक्ती शिल्लक राहील. तेच सबंध उजवे फुप्फुस काढावे लागले तर ९ उपखंड आणि अवघे ०.९ लिटर. त्याच्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाची अपेक्षित शक्ती २.८ लिटर असेल, तर पहिल्या प्रसंगी तो अपेक्षेच्या ५७ टक्क्यांवर राहतो आणि दुसऱ्या प्रसंगी ३२ टक्क्यांवर येतो. कार्बन मोनॉक्साइड वायूची अल्पशी मात्रा श्वासावाटे देऊन ती रक्तात किती शोषली जाते हे पाहण्याची दुसरी परीक्षा असते, तिच्या निकालालाही हेच गणित लावतात. तिच्यावरून हवेच्या पिशव्या आणि रक्तवाहिन्या यांमधील तलम पडद्याची अवस्था कळते.

हा हिशेब निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. त्यात एक गृहीत मात्र दडलेले आहे, ते असे की प्रत्येक उपखंड सारखेच काम करीत आहे. प्रत्यक्षात कर्करोग पुष्कळदा अशाच खंडात असतो की जो आधीच धुराने पोखरून गेला आहे, ज्यात हवा शिरते पण बाहेर पडत नाही, आणि जो फुगून शेजारच्या बऱ्या भागालाच दाबून धरतो. असा खंड काढला असता उरलेल्या फुप्फुसाला प्रसरणास जागा मिळते, आणि गणिताने जेवढ्या नुकसानीचे भाकीत केले होते त्याहून ते पुष्कळ कमी भरते. दमेकरी म्हणून ज्यांना कागदावरच्या आकड्यांनी अपात्र ठरविले असते, त्यांतले कित्येक जण शल्यक्रियेनंतर नीट हिंडूफिरू लागतात, हा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. उलट, श्वासाचे आकडे उत्तम असूनही ज्याचे हृदय दुर्बल आहे किंवा ज्याचे स्नायू रोगाने गळून गेले आहेत, त्याचा धोका खुर्चीत बसवून फुंकर मारावयास लावणाऱ्या यंत्राला कळणार तरी कसा?

शल्यक्रिया शरीराकडून नेमके काय मागते, हे लक्षात घेतले म्हणजे जिन्याचे महत्त्व ध्यानात येईल. सबंध फुप्फुस काढले म्हणजे हृदयातून निघणारे सारे रक्त, जे पूर्वी दोन फुप्फुसांत वाटले जात होते, ते आता एकाच फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतून जावयाचे असते. परिश्रमाच्या वेळी नेमके हेच घडते: रक्ताचा प्रवाह दुपटीने, तिपटीने वाढतो आणि फुप्फुसाच्या वाहिन्यांना तो सामावून घ्यावा लागतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस जखम भरून येण्यासाठी शरीराला प्राणवायू अधिक लागतो, बरगड्यांतील वेदनेमुळे खोकणे जिवावर येते, कफ साचतो, त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो, आणि हृदयाची लय बिघडण्याचाही संभव असतो. हा सारा वाढीव खर्च जिच्यातून भागवावयाचा ती गंगाजळी किती आहे, हे माणूस स्वस्थ बसला असता कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेल्या नियमानुसार शरीर दर मिनिटास किती प्राणवायू वापरते हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: हृदय दर मिनिटास किती रक्त पुढे लोटते, आणि त्या रक्तातून ऊती किती प्राणवायू काढून घेतात. फुप्फुस, हृदय, रक्त आणि स्नायू, यांपैकी कोणतीही एक कडी कच्ची असली की एकूण आकडा खाली येतो, आणि श्रमाच्या परीक्षेत या चारही गोष्टी एकदम पणाला लागतात.

परीक्षेच्या दिवशी रोग्याच्या बोटाला नाडी व रक्तातील प्राणवायू दाखविणारा ऑक्सिमीटर लावतात. रक्तदाब पाहतात, छातीत कळ येत नाही ना हे विचारून घेतात, आणि हृदयविकाराचा नुकताच झटका येऊन गेला असल्यास परीक्षा मुळीच घेत नाहीत. मग डॉक्टर स्वतः रोग्याबरोबर चढू लागतो. "काका, तुमच्या चालीने चढा, मात्र होता होईल तो थांबू नका, आता चालवतच नाही असे वाटले की सांगा," एवढीच सूचना असते. कठड्याला हात तोल सांभाळण्यापुरता लावावयाचा, त्यावर भार टाकून अंग वर ओढून घ्यावयाचे नाही. पहिले दोन मजले माणूस बहुधा बोलत चढतो. तिसऱ्यावर वाक्ये तुटू लागतात, पाठ किंचित वाकते, हात मांडीवर टेकू पाहतो. त्यानंतर काही जण मान हलवून थांबतात आणि काही जण ओठ घट्ट मिटून आणखी दोन मजले जातात. थांबण्याचे कारणही टिपून ठेवतात, कारण दम लागून थांबणे, पिंढऱ्या भरून आल्याने थांबणे आणि छातीत दुखू लागल्याने थांबणे, या तीन गोष्टींतून तीन निरनिराळी अनुमाने निघतात. नाडी किती वाढली, प्राणवायूचे प्रमाण मूळच्यापेक्षा ४ अंशांहून अधिक घसरले काय, आणि एकूण किती उंची चढून झाली, ही नोंद झाली म्हणजे परीक्षा संपली. तिला फार तर दहा मिनिटे लागतात.

या जुन्या रीतीला आकड्यांची शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने इटलीतील आंकोना या बंदराच्या शहरात तेव्हा काम करीत असलेले शल्यविशारद आलेस्सांद्रो ब्रुनेल्ली आणि त्यांचे सहकारी यांना द्यावे लागेल. मजले मोजण्याऐवजी त्यांनी मीटर मोजले, कारण मजल्याची उंची प्रत्येक इमारतीत निराळी असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फुप्फुसाची मोठी शल्यक्रिया झालेले ६४० रोगी होते, आणि त्यात असे आढळले की ज्यांना १२ मीटरही चढवले नाही त्यांच्यात हृदय व श्वसन यांचे उपद्रव २२ मीटरांहून अधिक चढणाऱ्यांच्या सुमारे दुपटीने आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे १३ पटींनी अधिक होते. २२ मीटर म्हणजे साधारण १६ सेंटीमीटर उंचीच्या सुमारे १३७ पायऱ्या. मुंबईच्या इमारतींच्या भाषेत सांगावयाचे तर सात मजले. ६० किलो वजनाचा मनुष्य तेवढी उंची दोन मिनिटांत चढला तर त्याने आपले शरीर उचलण्यासाठी सरासरी १०८ वॅट इतकी शक्ती लावलेली असते, आणि कर्करोगाने ग्रासलेल्या सत्तरीच्या माणसाच्या दृष्टीने ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

ज्याला जिना नको, किंवा जेथे तसा जिना नाही, तेथे सपाट जमिनीवरची एक परीक्षा आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथे सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९२ साली मांडली, ती मूळची दीर्घकालीन श्वसनरोगाने पीडित लोकांसाठी. दहा मीटरांच्या अंतरावर दोन खुणा करतात आणि ध्वनिमुद्रित टिटकारा ऐकू येताच रोग्याने दुसऱ्या खुणेपाशी पोहोचलेले असावे, असा नियम असतो. दर मिनिटागणिक दोन टिटकाऱ्यांमधील अवकाश कमी होत जातो. पहिल्या मिनिटात तीनच फेऱ्या करावयाच्या असतात, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात पाच. सातव्या मिनिटास वेग तासाला सुमारे साडेपाच किलोमीटरवर पोहोचलेला असतो, आणि ४० फेऱ्या, म्हणजे ४०० मीटर, पुऱ्या होतात त्या याच मिनिटात. सहा मिनिटे आपल्या चालीने चालण्याच्या अधिक परिचित परीक्षेहून हिचा विशेष हा की येथे वेग रोग्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्यामुळे भिडस्त, घाबरलेला किंवा आधीच हताश झालेला माणूस शक्ती असूनही मागे राहण्याचा संभव कमी होतो.

प्रारंभी ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००१ साली २५ फेऱ्यांची, म्हणजे २५० मीटरांची, मर्यादा सुचविली होती आणि तीही न गाठणाऱ्याला मोठ्या धोक्याच्या वर्गात धरले जाई. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शल्यक्रियेस योग्य अशा रोग्यांना फेऱ्याही घालावयास लावल्या आणि त्यांचा प्राणवायूचा प्रत्यक्ष वापरही यंत्राने मोजला, तेव्हा ध्यानात आले की ४०० मीटर चाललेल्या सर्वांची शक्ती पुरेशी होती. परंतु २५० मीटरांच्या आत थांबलेल्यांतही काहींची शक्ती समाधानकारक होती, आणि केवळ फेऱ्यांवर विसंबून राहिले असते तर त्यांना विनाकारण नकार मिळाला असता. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा तो हाच. साधी परीक्षा उत्तीर्ण होणे हा भक्कम पुरावा आहे. अनुत्तीर्ण होणे ही केवळ अधिक चौकशीची सूचना आहे. गुडघ्याचा संधिवात, पायाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, वाढलेले वजन, रात्रीची झोपमोड, अशी कितीतरी कारणे माणसाला तिसऱ्या मजल्यावर थांबवितात आणि त्यांचा फुप्फुसाशी काही संबंध नसतो.

म्हणूनच २०१३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या संस्थेने जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली त्यांत या परीक्षांना मधल्या चौकीवर बसविलेले आहे. शल्यक्रियेनंतर उरणारी श्वासाची आणि वायुशोषणाची अशी दोन्ही अनुमाने अपेक्षेच्या ६० टक्क्यांहून अधिक असली, तर पुढे काही करावयाचे कारण नाही. त्यांतले एक जरी ६० च्या खाली आले, पण दोन्ही ३० च्या वर असली, तर जिना किंवा फेऱ्या. २२ मीटर चढला अथवा ४०० मीटर चालला, तर जोखीम अल्प समजावी. ज्याला हे जमले नाही त्याला, आणि ज्याचे कोणतेही एक अनुमान मुळातच ३० च्या खाली आहे त्यालाही, सायकलीवर बसवून, तोंडावर मुखवटा लावून, श्वासोच्छ्वासातील वायूंचे पृथक्करण करणारी सविस्तर परीक्षा द्यावी लागते. तेथे दर किलो वजनामागे दर मिनिटास २० मिलिलिटरहून अधिक प्राणवायू वापरू शकणारा मनुष्य निर्धोक मानतात, १० च्या खाली राहणाऱ्याच्या बाबतीत मोठ्या शल्यक्रियेपासून शक्यतो दूर राहतात, आणि मधल्यांचा विचार व्यक्तिशः होतो. स्वस्थ बसलेला माणूस याच मापाने सुमारे ३.५ मिलिलिटर वापरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे १० चा आकडा किती तोकडा आहे हे उमगेल.

ऑक्सिमीटरविषयी येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण तिचा संबंध आपल्या लोकांशी आहे. हे यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवून रक्ताच्या रंगाचा अंदाज घेते, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ते खऱ्यापेक्षा थोडे अधिक प्रमाण दाखवू शकते, हे आता सिद्ध झाले आहे. बोटे थंड पडली असली किंवा नखांना रंग लावलेला असला तरी आकडा फसवा येतो. तेव्हा आकडा बरा दिसत असूनही रोगी कासावीस दिसला, तर विश्वास रोग्यावर ठेवावा. त्याचप्रमाणे हा मजकूर वाचून कोणी आपल्या घरातील आजारी माणसाला जिना चढावयास लावू नये. डॉक्टर सोबत नसता, प्राणवायूची तजवीज नसता, ही परीक्षा घेणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय.

रोग पसरल्यामुळे ज्यांच्यावर शल्यक्रिया करता येत नाही, औषधे किंवा किरणोपचार हाच ज्यांचा इलाज, त्यांच्या बाबतीतही शरीराच्या एकंदर ताकदीचा प्रश्न तितकाच मोलाचा ठरतो. किंबहुना कर्करोग्याची कार्यक्षमता शंभरापैकी गुण देऊन ठरविण्याची डेव्हिड कार्नोफ्स्की यांची जी पद्धत आज जगभर चालते, ती १९४८ साली ज्या लेखात प्रसिद्ध झाली त्याचा भर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांवरच होता. परंतु ती पद्धत वैद्याच्या नजरेवर चालते, आणि नजर रोग्याच्या पोशाखाने, बोलण्याच्या उत्साहाने, कधी सोबतच्या मुलाच्या आग्रहाने फसू शकते. मोजून चालविलेले अंतर तसे फसत नाही.

परीक्षेत कमी पडलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न त्याच्या घरच्यांना सर्वांत आधी सुचतो. एक खंड काढण्याऐवजी त्यातला उपखंडच काढता येईल काय, हे पाहता येते. लहान गाठीवर अचूक नेम धरून थोड्या बैठकांत तीव्र किरणोपचार देण्याची सोय आता मोठ्या शहरांतून आहे, आणि शल्यक्रिया न सोसणाऱ्यांना तिचा चांगला लाभ होतो. शिवाय शल्यक्रियेपूर्वीचे दोन-चार आठवडे धूम्रपान पूर्ण बंद ठेवून, श्वासनलिका रुंद करणारी औषधे नियमित घेऊन, रोज चालण्याचा व श्वासाचा व्यायाम करून आणि आहार सुधारून ही शक्ती वाढविता येते. रोग तोवर वाढेल ही धास्ती स्वाभाविक आहे, म्हणूनच तयारी निदानाच्या दिवसापासून, इतर तपासण्या चालू असतानाच, सुरू करणे इष्ट. तारीख मिळेपर्यंत जे दिवस अंथरुणात काळजी करण्यात जातात त्यांत माणूस उगाच अशक्त होतो.

विदर्भातून किंवा मराठवाड्यातून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे निघणाऱ्या रोग्याची ही प्राथमिक पारख त्याच्या जिल्ह्याच्या गावी होऊ शकेल. त्यासाठी सायकल व मुखवट्याचे महागडे यंत्र लागत नाही. एका जिन्याची पायरी फूटपट्टीने मोजून तिची उंची भिंतीवर लिहून ठेवावी, प्रत्येक वळणावर एक खुर्ची असावी, ऑक्सिमीटर, घड्याळ आणि खाली प्राणवायूचे नळकांडे तयार असावे, आणि रोग्याबरोबर चढणारा डॉक्टर असावा. केसपेपरवर मात्र "दोन मजले चढला" असे मोघम न लिहिता किती मीटर चढला, किती वेळात, का थांबला आणि थांबला तेव्हा नाडी व प्राणवायू किती होते, एवढा तपशील लिहिला पाहिजे, म्हणजे तो कागद परळला ज्याच्या हाती पडेल त्याला पुढचा निर्णय घेण्यास त्याचा उपयोग होईल.